उलटी शिवलेली शीर

मी एक जुनी शीर आहे, मित्रांनो. तुमच्या मनगटावर निळसर रेघ दिसते ना, तिच्याच जातीची. माझा जन्म पायातला. डाव्या पायाच्या घोट्यापाशी, आतल्या अंगाने मी सुरू व्हायचे आणि पोटरीवरून वर गुडघ्याकडे जायचे. आज मात्र मी पायात नाही. मी छातीत आहे, आणि इथलं माझं काम संपलं आहे. ते कसं संपलं, तेवढंच सांगायचं आहे. ऐकून बरं वाटेल असं त्यात फारसं काही नाही, तरी ऐका.

माझ्या माणसाचं नाव वाल्मिक. कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठच्या गावातला. लहानपणी तो नदीच्या गाळात पोटरीपर्यंत रुतून उभा राहायचा, तेव्हा मी त्या गार चिखलात असायचे. पुढे तो वायरमन झाला आणि खांबांवर चढू लागला. पाय आवळून, टाचा रोवून तो वर जायचा, तेव्हा सगळा भार आमच्यावर. मी कधी तक्रार केली नाही. पायात उतरलेलं रक्त वर हृदयाकडे पाठवायचं, एवढंच माझं काम होतं. माझ्या आत ठिकठिकाणी इवली इवली दारं आहेत. ती एकाच बाजूला उघडतात, वरच्या. रक्त एक पायरी चढलं की त्याच्या मागे दार लागतं. मग पुढची पायरी, पुढचं दार. असं हळूहळू, न धावता. मला घाईची सवयच नव्हती.

वाल्मिकच्या धंद्यातला एक शब्द तुम्हाला सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्या शब्दापाशी येऊन थांबतं. गावातल्या डीपीचा फ्यूज उडाला आणि हाताशी फ्यूजची बारीक तार नसली, की तो तिथे साधी जाड तार अडकवून द्यायचा. याला म्हणायचं 'डायरेक्ट करणं'. लाईट यायची, पिठाची गिरणी फिरायची, माणसं खूश व्हायची. "सकाळी येतो, तवर चालंल," असं सांगून तो निघायचा, आणि सकाळी खरंच जाऊन नीट फ्यूज बसवायचा. जाड तारेला उडणं माहीत नसतं. जास्त दाब आला तर ती उडत नाही, मोटार जाळते. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. डायरेक्ट म्हणजे तात्पुरतं. दुसऱ्या कुणी डायरेक्ट करून तसंच सोडून दिलं, तर तो त्याला चारचौघांत फैलावर घ्यायचा.

नोकरी संपत आली तेव्हा एके दिवशी खांबावरून उतरताना त्याच्या छातीत कळ आली. त्याला नगरला नेलं. तपासण्या झाल्या. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या बुजल्या आहेत, बायपास करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. बायपास म्हणजे काय, असं वाल्मिकने विचारलं. बुजलेल्या जागेला हात लावायचा नाही, तिच्या अलीकडून पलीकडे नवी नळी जोडायची, असं डॉक्टरांनी समजावलं. वाल्मिक त्या तशा अवस्थेतही हसला. "म्हंजी डायरेक्टच की ओ." डॉक्टरही हसले आणि तसंच समजा म्हणाले. मग त्यांनी आणखी बरंच काही सांगितलं. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, दर वर्षी दाखवायला यायचं, ही जोडलेली शीरसुद्धा पुढे बुजू शकते. पण घरच्यांच्या लक्षात राहिला तो विनोद.

ती नवी नळी म्हणजे मी. त्यांनी पोटरी उभी चिरून मला बाहेर काढलं आणि एका वाटीत पाण्यात ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या माणसाच्या बाहेर होते. एका डॉक्टरने मला बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाला, "छान आहे शीर." इतकी वर्षं काम केलं, पण माझं कौतुक झालं ते त्या दिवशी. मग त्याने मला उलटं केलं. माझी दारं रक्ताच्या वाटेत आडवी येऊ नयेत म्हणून घोट्याकडचं टोक वर गेलं आणि गुडघ्याकडचं खाली आलं. केसाहून बारीक दोऱ्याने मला तसंच उलटं हृदयावर शिवलं.

तिथला पहिला ठोका मी विसरणार नाही. पायात पाटाचं पाणी वाहावं तसं रक्त यायचं. इथे ते धक्क्याने आलं, मग पुन्हा आलं, आणि थांबायचं नावच नाही. माझ्या भिंती असल्या दाबासाठी घडलेल्या नव्हत्या. शेजारी आणखी एक नळी जोडली होती. ती छातीतलीच, बरगड्यांच्या आतून वळवून आणलेली. असला दाब तिला जन्मापासून माहीत होता. मी मनातल्या मनात तिला थोरली म्हणू लागले. थोरली निवांत वाहायची. मी मात्र प्रत्येक ठोक्याला ताणली जायचे.

तरीही ती माझी चांगली वर्षं होती. वाल्मिक घरी आला, चालू लागला. आता सगळे त्याला तात्या म्हणायचे. घराच्या खालच्या गाळ्यात तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा आणि जेवायला, झोपायला जिना चढून वर यायचा. भेटायला येणाऱ्यांना तो आधी पायजमा वर करून पोटरीवरचा व्रण दाखवायचा आणि मग शर्टाची बटणं काढायचा. म्हणायचा, "पायातली तार काढून काळजाला डायरेक्ट केलीया. आता हाय का काय?" माणसं हसायची. त्याची बायको रंगुबाई चहा ठेवता ठेवता म्हणायची, काळीज होतं म्हणून डॉक्टरांना सापडलं, मला इतक्या वर्षांत सापडलं न्हाई.

छातीत आल्यापासून मला सगळं ऐकू येतं. माणूस जे बोलतो ते आधी छातीत घुमतं आणि मग तोंडावाटे बाहेर जातं. खोटं असलं तरी आधी इथे कळतं.

ऑपरेशन जुनं झाल्यावर घरात सून आली. निकिता. लोणीच्या कॉलेजात शिकलेली, बारकाईने बघणारी. तिचा नवरा आदिनाथ सुप्याच्या कारखान्यात. तिथेच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. दोन वर्षांत निकिताला मुलगी झाली. तिचं नाव ईश्वरी. निकिताचा जीव त्या पोरीत असा अडकला की पोरगी झोपली तरी ती तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायची. रंगुबाई म्हणायची, तू रोखून बघितल्यानंच उठंल ती.

मित्रांनो, चूक झाली ती त्याच दिवसांत, आणि ती कुणाला चूक वाटलीही नाही. निकिता बाळंतपणाला माहेरी होती. तात्याची दाढ दुखू लागली. ती काढायची म्हणून दातांच्या डॉक्टरांनी त्याची रक्त पातळ करणारी गोळी थोडे दिवस थांबवायला सांगितली आणि जखम भरली की लगेच सुरू करा, असंही बजावलं. दाढ निघाली. तेवढ्यात निकिताच्या माहेरी बारसं आलं. घरात पाहुणे, डिंकाच्या लाडवांचा वास, बारशाला निघायची गडबड. गोळ्यांचा डबा फळीवर मागे सरकला. कार्य उरकल्यावर कधीतरी तात्याला तो आठवला. पण त्याला काही झालेलं नव्हतं. मग तो स्वतःशीच म्हणाला, गोळीवाचून मोटार चालतीया की. हळूहळू बाकीच्या गोळ्याही सुटल्या. दर वर्षी नगरला जाणं सुटलं.

निकिता तान्ही पोर घेऊन सासरी आली. रात्रीची झोप नाही, दिवसा कामं. तरी तिने एकदा विचारलं, "तात्या, गोळ्या चालू आहेत ना?"

"व्हय व्हय," तात्या म्हणाला.

ते दोन शब्द माझ्या अंगावरून गेले. खोटे होते. पण मला तोंड नाही.

त्यानंतर माझ्या आत साय धरू लागली. बोअरच्या पाण्याने बंबाच्या नळीत क्षार धरतात, तसं काहीसं. आधी पातळ थर, मग त्यावर दुसरा. माझ्या भिंती तर रोजच्या ठोक्यांनी केव्हाच जाड झाल्या होत्या. वाट अरुंद होत गेली. गोळ्या असत्या तर मी कायमची उघडी राहिले असते असं नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणी दहा-बारा वर्षांत बुजतात. पण मी आणखी काही वर्षं निभावलं असतं. निदान कुणी तपासलं असतं, तर मी किती उरले आहे ते तरी कळलं असतं.

तात्या बसलेला असला की काही जाणवायचं नाही. जिना चढताना मात्र हृदय जास्त रक्त मागायचं आणि मी देऊ शकायचे नाही. जिन्याच्या मध्यावर, जिथे वळण आहे, तिथल्या भिंतीवर घराचा विजेचा मीटर होता. तात्या तिथे थांबू लागला. एक हात भिंतीला टेकायचा, मान पुढे करायची आणि मीटरकडे बघत उभं राहायचं. कुणी विचारलं तर, मीटर लई पळतोय, असं सांगायचा. श्वास जागेवर आला की उरलेल्या पायऱ्या चढायचा. रंगुबाई वरून म्हणायची, नोकरी सुटली तरी मीटर काय सुटंना ह्या माणसाचा. सगळे हसायचे. निकिताही हसायची.

छातीत जडपणा आला की घरात त्याला एकच नाव होतं, पित्त. रंगुबाई आवळकाठी द्यायची. तात्या सोडा प्यायचा, एक ढेकर यायची आणि त्यालाही वाटायचं की बरं वाटलं. मी आतून किती सांगू पाहत होते. पण माझं सांगणं म्हणजे तो जडपणाच, आणि त्यावर तो सोडा पीत होता.

मग त्या उन्हाळ्यात वीज मंडळाची माणसं आली. त्यांनी जिन्यातला जुना मीटर काढला आणि नवा मीटर बाहेर, गाळ्याच्या शटरशेजारी पेटीत बसवला. जिन्यात उरला तो एक पांढरा चौकोन आणि स्क्रूची भोकं.

एका दुपारी निकिता भाजी घेऊन वर येत होती. कडेवर ईश्वरी. वळणावर तात्या उभा होता. हात भिंतीला, मान पुढे. ती दोन पायऱ्या खालीच थांबली.

"तात्या, काय बघताय?"

"मीटर," तात्या म्हणाला.

निकिताने भिंतीकडे पाहिलं. मग निकिता हळूच म्हणाली, "मीटर खाली नेलाय ना."

तात्याने त्या पांढऱ्या चौकोनाकडे पाहिलं. "व्हय की. सवय," असं म्हणून तो हसला.

या खेपेला निकिता हसली नाही. तिने त्याच्या मानेवरचा घाम पाहिला. सर्दी झाली की ईश्वरीचे खांदे श्वासागणिक वर उचलले जायचे, तसे त्याचे उचलले जात होते. ती वर गेली, पोरीला खाली ठेवलं आणि फळीवरचा डबा काढला. आत जुनी पाकिटं होती, अर्धी भरलेली, तारखा उलटून गेलेल्या.

ती ओरडली नाही. तात्यापुढे बसून उद्याच नगरला जाऊ, असं म्हणाली. तात्याने मान हलवली. रविवारी ईश्वरीचं जावळ होतं. पोरीच्या डोक्यावरचे जन्माचे केस मामाच्या मांडीवर बसवून काढायचे होते, पाहुण्यांना सांगून झालं होतं, तिसरं वर्ष सरत आलं होतं. "जावळ हू दे, पोरी. मग तू म्हनशील तिथं येतो." रंगुबाईने त्याचीच री ओढली. एवढ्याशा दमण्यावरून कुणी कार्य मोडतं का, वय झालंय त्यांचं, असं तिचं म्हणणं.

निकिताने आदिनाथला फोन लावला. तो कारखान्याच्या आवाजातून मोठ्याने बोलत होता. "अगं, तात्यांचं बायपास झालंय. ज्यांचं झालं नाही त्यांनी घाबरायचं. मी शनिवारी येतोय ना."

'बायपास' हा शब्द मी छातीतून ऐकला आणि मला माझीच लाज वाटली. माझ्या भरवशावर ही माणसं निर्धास्त होती. मी आत चिमटीएवढीही उघडी नव्हते, आणि त्यांना वाटत होतं की ती नवी तार आहे, आता हाय का काय.

निकिता एकटी एका बाजूला होती. तिने ऐकलं. रविवारपर्यंतच तर थांबायचं, असं तिने स्वतःला समजावलं. ते दिवस मात्र तिला धड गेले नाहीत. तात्या जिन्यात शिरला की ती हातातलं काम टाकून पावलं ऐकत राहायची. पायऱ्यांवर आवाज यायचा, मध्ये थांबायचा, पुन्हा यायचा. आवाज पुन्हा सुरू झाला की मगच ती श्वास सोडायची.

रविवारी सकाळी घर भरलेलं होतं. खाली गाळ्यासमोर मंडप, वर स्वयंपाक. आदिनाथ पाहुण्यांना आणायला गाडी घेऊन गेला होता. ईश्वरी नवा फ्रॉक घालून खाली खेळत होती. तिला वर आणा, असं कुणीतरी ओरडलं. ती कुणाच्या हाताला येईना. आजोबाच पाहिजेत म्हणाली. तात्याने तिला उचललं.

मला ते ओझं कळलं. तीन वर्षांच्या मुलीचं ते काय ओझं. पूर्वी हा माणूस तारेचं वेटोळं खांद्यावर टाकून खांब चढायचा. पहिल्या पायऱ्यांवर मी होतं नव्हतं ते सगळं दिलं. थोरलीने तिच्या वाटचं दिलं. वळणापाशी हृदयाने पुन्हा मागितलं. माझ्या आतल्या सायीचा एक पापुद्रा फाटला, त्यावर रक्ताची गुठळी धरली आणि वाट बंद झाली. माझ्या पलीकडे हृदयाचा जो भाग होता, तो माझी वाट बघत राहिला.

तात्याने काय केलं ते सांगते. त्याने आधी पोरीला पायरीवर ठेवलं, भिंतीच्या बाजूला, पडणार नाही अशी. फ्रॉक नीट केला. मग भिंतीला हात लावला आणि तसाच घसरत खाली बसला.

निकिता वर भांडी लावत होती. पावलं थांबल्याचं तिने ऐकलं होतं. पावलं पुन्हा वाजण्याची ती वाट बघत होती. पावलं वाजेनात, तेव्हा तिने हाक मारली. खालून ईश्वरीचा आवाज आला, अगदी शांत.

"आई, आजोबा मीटर बघतायत."

तात्या वाचला, मित्रांनो. पण वाचला म्हणजे किती, तेही सांगायला हवं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत हृदयाचा तो भाग मरून गेला होता. माझ्यातून तार घालून बघितली, पण मी उघडले नाही. पुन्हा ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता सगळं थोरलीवर. ती एकटी वाहते, आणि कधीकधी तिचा थकवा मला जाणवतो. मी तिच्या शेजारी नुसती आहे, तुटलेल्या लाईनची तार खांबावर तशीच राहावी तशी.

तात्याची खाट आता खालच्या गाळ्यात आहे. मोटारी लोक परत घेऊन गेले. उशांचा उतार केल्याशिवाय त्याला झोप येत नाही. पाय सुजतात, आणि गंमत बघा, जास्त सूज येते ती डाव्या पायाला, जिथून मला काढलं त्या पायाला. निकिता रोज सकाळी त्या पोटरीवर बोट दाबून बघते. खळगा पडतो आणि बराच वेळ भरत नाही. ती गोळ्या स्वतःच्या हाताने देते आणि पाणी मोजून देते. दुपारी तो झोपला की त्याच्या नाकापुढे बोट धरते. तात्या एकदा जागाच होता. डोळे न उघडता म्हणाला, "चालू हाय अजून, लाईन." तिने बोट मागे घेतलं आणि बाहेर जाऊन रडली. ते मी ऐकलं. त्यालाही ऐकू गेलं.

आदिनाथ आला की बापाच्या पायाशी बसतो आणि मोबाईल बघतो. फोनवरच्या त्या बोलण्याचा विषय तोही काढत नाही आणि निकिताही काढत नाही. विनोदही आता कुणी करत नाही. ईश्वरीचं जावळ राहूनच गेलं. केस डोळ्यांवर येतात, निकिता ते क्लिपा लावून मागे घेते. दिवस धरायचं कुणाच्या तोंडून निघत नाही.

आणि ती पोरगी अजून रोज जिना चढते. वळणावर थांबते, एक हात भिंतीला लावते, मान पुढे करते आणि त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत उभी राहते. पहिल्यांदा निकिताने ते पाहिलं तेव्हा ती धावत खाली आली आणि तिने पोरीच्या छातीवर हात ठेवला. काय होतंय, दमलीस का, म्हणून विचारू लागली. पोरगी म्हणाली, काही नाही, मी मीटर बघते. तिच्या लेखी तो खेळ आहे. आजोबा तसे चढायचे, म्हणून तीही तशीच चढते. निकिता मात्र ती पुढची पायरी चढेपर्यंत तिथून हलू शकत नाही.

मित्रांनो, मी आता काही दिवसांची सोबती आहे. थोरली थकली की आम्ही दोघी एकदमच थांबू. माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाचं बायपास झालं असेल, तर त्याच्या छातीत माझ्यासारखी एखादी असेल. पायातून काढून उलटी शिवलेली, नको तितका दाब सोसणारी. ती जुनी होते आणि ती बोलत नाही. तिचा माणूसही बोलत नाही, तो थट्टा करतो. म्हणून तो जिन्यात थांबलेला दिसला, तर काय बघताय म्हणून विचारा. आणि उत्तर मिळालं की तुम्हीही एकदा त्या भिंतीकडे बघा. तिथे खरंच काही आहे का.